चिंचेची फांदी

हैदराबादेत अंबरपेठहून काचीगुड्याला जाणाऱ्या बसमध्ये एक म्हातारे गृहस्थ रोज दिसत. नाव कधी विचारलं नाही. मेंदीनं रंगवलेली दाढी, मांडीवर डबा, अर्धवट मिटलेले डोळे. थांब्याचं नाव घेत कंडक्टरबाई "इमली का झाड" म्हणाल्या, की ते उठत आणि उतरताना मान हलकेच वाकवत. वर तर नुसतं आभाळ असे.

माझं काम नकाशातल्या ठिपक्यांना अर्थ जोडण्याचं. कोणतं ठिकाण कशामुळे ओळखतात, हे कम्प्युटरला कळावं म्हणून. या थांब्यापाशी तो अडून बसला होता: उपग्रहाच्या फोटोत झाड दिसत नाही, मग थांब्याची झाडाशी असलेली जोडणी तोडायची का?

एकदा मी त्यांच्यामागोमाग उतरलो आणि वाकण्याचं कारण विचारलं. ते झोपेत हसावं तसे हसले.

"झाड तो कब का कट गया साब. डाली अब्बी सर को लगती."

ऑफिसात मी जोडणी तशीच ठेवली. साहेबांनी कारण विचारलं. "फांदी लागते," मी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते मेंदीच्या दाढीचे गृहस्थ बसमध्ये नव्हते. त्या थांब्यावर मी एकटाच उतरलो. मान चांगली वाकवली होती, तरी केसांना काहीतरी घासून गेलंच.