सिंहस्थातली नवरी

साखरपुडा झालेली मुलगी धड इकडची नसते, धड तिकडची नसते. महिना-दोन महिने असं लोंबकळायला कुणाची ना नाही, उलट त्यात मजाच असते. पण मखमलाबादच्या सावळीरामची ललिता तशी पुरं वर्ष राहिली. त्या वर्षानं तिचं जे केलं ते वैऱ्याच्या मुलीचंही होऊ नये.

२००३ ची अक्षय्य तृतीया होती. सावळीरामचा फुलांचा मळा. विहिरीशेजारी मांडव टाकून साखरपुडा झाला. मुलगा ओझरचा, जीवन नावाचा. तिथल्या विमानाच्या कारखान्यात कामाला, पण अजून कायम झालेला नव्हता. दिसायला बरा आणि बोलायला त्याहून बरा. ललिताला तो पहिल्या भेटीतच आवडला आणि ती काही ते लपवणारी नव्हती. मैत्रिणींनी चिडवलं तर म्हणाली, "आवडला तर आवडला. रडत लग्न करू का?"

लग्न कधी, तर पुढच्या वर्षी, तुळशीच्या लग्नानंतर. एवढं लांब का, तर सिंहस्थ. गुरू सिंह राशीत शिरला की नाशकात कुंभमेळा भरतो, तपोवनात साधूंचे आखाडे उतरतात, आणि गुरू तिथून हलेपर्यंत, म्हणजे वर्षभर तरी, गोदाकाठच्या घरांत लग्नाचं नाव काढत नाहीत. "सिंहस्थात माझ्या दारात मांडव पडायचा नाय," सावळीरामनं जाहीर केलं. "गंगामाईच्या काठाला राहतो आपण." गोदावरीला इकडे गंगाच म्हणतात. ललितानं मान डोलावली. देवानंच कारण काढलं तर भांडायचं कुणाशी?

सुरुवातीचे महिने खरोखर चांगले गेले, खोटं कशाला बोला. रविवारी जीवन मोटारसायकल घेऊन यायचा. ललिताची आई रंगूबाई दारात उभी राहून "दिवे लागायच्या आत या" एवढंच म्हणायची. मग सोमेश्वरच्या धबधब्यापाशी भेळ, गंगापूर धरणाच्या कडेला बसून उकडलेल्या शेंगा, आणि पाऊस असला की मिसळ. तिखट त्याला अजिबात सोसायचं नाही. नाक पुसत, डोळे पुसत खायचा आणि इकडे ललिताची हसून पुरेवाट व्हायची.

"लग्नानंतर रोज हेच घालणार तुम्हाला," ती म्हणायची.

"मग मी रोज कॅन्टीनमध्ये जेवणार," तो म्हणायचा.

बेत तरी किती! मेन रोडच्या दुकानांसमोर उभं राहून ती काचेतले शालू बघायची. दोन्हीकडची माणसं दुकानात बसून लग्नाचे सगळे कपडे घेतात, त्याला बस्ता म्हणतात. बस्त्याला अजून वर्ष होतं, तरी हिचा शालू ठरलेला होता, डाळिंबी, बारीक बुट्ट्यांचा. होणारी सासू भागीबाई म्हणाली, "हिरवाच घ्यायचा, आमच्यात हिरवा असतो." ललिता जीवनला म्हणाली, "हळदीला हिरवा नेसते, लग्नाला डाळिंबी, सांगा तुमच्या आईला." जीवननं सांगितलंही, आणि भागीबाई दोन दिवस फुगून बसली. ओझरच्या घरात कपाट कुठल्या भिंतीला लावायचं, यावर त्या दोघांचं एक अख्खं रविवारचं भांडण झालं. त्या भांडणात तिला केवढं सुख वाटलं म्हणून सांगू.

ती गंगापूर रोडला एका नर्सरीत कामाला जायची. गुलाबांना कलमं बांधायची, बंगल्यातल्या बायकांना कुंड्या निवडून द्यायची. मालक खूश होता. भागीबाईला मात्र ते खटकलं. "आमची सून लोकांच्या दारात रोपं विकती, बरं दिसतं का?" ललितानं काम सोडलं. घरी कुणी म्हटलंही नाही की बाई, लग्नाला अजून वर्ष आहे, तोवर तरी कर. आणि सोडल्यावर लगेच बापानं तिला मळ्यात जुंपली.

कारण त्या वर्षी सावळीरामनं झेंडू लावला होता. स्वतःच्या मळ्यात तर लावलाच, पण शेजारच्या कोंडाजीचं शेतही वर्षासाठी कसायला घेऊन त्यातही लावला. शाही स्नानाच्या तोंडावर तो झेंडू असा फुलला की बघत राहावं. आखाड्यांना तोरणं, मिरवणुकीला हार, देवळांना माळा, फूल कमीच पडत होतं. ललिता पहाटेपासून तोडणीला. बोटं काळी पडली, नखांत हिरवं बसलं ते निघेना. बापाच्या चेहऱ्यावर मात्र तेज आलेलं. "तुझ्याच पायगुणानं," तो म्हणायचा. तिला बरं वाटायचं.

थंडी पडली आणि भागीबाई न्हाणीत घसरून पडली. खुब्याला मार बसला. जीवन संध्याकाळी आला, बसला, चहा घेईना. शेवटी म्हणाला, "आईचं करायला कुणी नाही. ललिता आली असती तर..." रंगूबाईनं कपाळाला आठी घातली. "लग्नाआधी? लोक काय म्हणतील?" पण सावळीरामनं तिला गप्प केली. "उद्या तिचंच घर हाय ते. जाऊ दे."

ललिता गेली आणि महिनाभराहून जास्त राहिली. भागीबाईच्या खोलीतच खाली अंथरूण टाकून झोपायची. तिला उठवायची, धुवायची, भांडं द्यायची, वेणी घालायची. वर चार माणसांच्या भाकरी. आळीतल्या बायका तिला "जीवनची बायको" म्हणायला लागल्या. भागीबाई तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "माझी पोटची असती तर एवढं केलं नसतं." आणि डोळे पुसायची. ललिताही पुसायची. काय करणार, भोळी पोर.

फेब्रुवारीत जीवन कारखान्यात कायम झाला. पेढे घेऊन आला. त्यानंतरच्या रविवारी आला नाही, ओव्हरटाइम होता म्हणे. पुढच्या रविवारी आतेबहिणीचं काहीतरी होतं. मग फोन केला की भागीबाईच उचलायची आणि "नाय घरात" म्हणून ठेवून द्यायची. आवाज तोच, डोक्यावर हात ठेवणारीचा. कायम झालेल्या मुलाचा भाव काय असतो, ते भागीबाईला पाच-पंचवीस सोयऱ्यांनी सांगितलं होतं.

मे महिन्यात जीवनचा मामा गोटीराम आला. सोयरीक जुळवली होती त्यानंच. ओसरीवर बसला, टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "सावळीराम, पोराच्या मनात नाय राहिलं."

"म्हंजे?" सावळीराम उठलाच. "वर्ष झालं साखरपुडा होऊन! माझी पोर तुमच्या म्हातारीचं हागमूत काढून आली!"

"तेच तर," गोटीराम जमिनीकडे बघत बोलला. "लग्नाआधी तरणी पोर महिनाभर घरात राहून गेली. मागून भावकीत नाय नाय ते बोलतात. भागीबाई म्हणती, आमच्या घराला डाग नको."

स्वयंपाकघराच्या दारात ललिता उभी होती. तिला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. ज्या घरासाठी रात्र-रात्र जागली, तेच तिच्या तोंडाला काळं फासत होतं! निघताना गोटीरामनं आणखी एक सांगितलं. जीवनचं दुसरीकडे ठरलं होतं, नगरकडे. लग्न पुढच्या महिन्यातच.

"आणि सिंहस्थ?" रंगूबाईनं विचारलं.

"त्यांच्याकडं नाय पाळत," गोटीराम म्हणाला आणि चप्पल घालून चालू लागला.

दुसऱ्या दिवशी ललितानं कुणाला न विचारता निमाणी स्टँडवरून ओझरची बस धरली. पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या रस्त्यावर उभी राहिली. जीवन मित्रांबरोबर हसत येत होता. ती दिसली आणि हसू मावळलं. मित्र पुढे गेले.

"तुमच्या तोंडून ऐकायचंय मला," ती म्हणाली.

"आईपुढे माझं काही चालत नाही ललिता."

"मी तुमच्या घरात काय केलं, ते तुम्हाला माहीत नाही? मी कुठं झोपत होते, माहीत नाही? एवढं तरी आईला सांगितलंत?"

तो मोटारसायकलच्या किल्लीशी चाळा करत राहिला. शेंदाड शिपाई नुसता! तिला त्याची इतकी किळस आली की रडूही आलं नाही.

"वर्षभर मी सिंहस्थाच्या नावानं थांबले आणि तुम्ही सिंहस्थातच बोहल्यावर चढताय. देवाची रीत आम्हालाच का?"

तेव्हा जीवन चिडला. दुबळ्या माणसाला राग यायला दुसऱ्याची चूकच लागते. "सिंहस्थाचं माझ्यापुढे काढू नको," तो म्हणाला. "आम्ही तर साखरपुड्यातच सांगितलं होतं, जूनमध्ये उरकून टाका. सिंहस्थ लागायच्या आधी. आईनं तारीखसुद्धा काढून आणली होती. तुझे वडीलच नाही म्हणाले. जूनमध्ये झेंडूची लागवड आहे, हात रिकामे नाहीत, आता लग्न काढलं तर कुंभाची फुलं जातील. जूनमध्ये झालं असतं तर झालं होतं, ललिता. तेव्हा आईही राजी होती, मीही."

ती परत कशी आली, तिला आठवत नाही. घरी आली तेव्हा सावळीराम ओसरीवर पंप दुरुस्त करत बसला होता, रंगूबाई शेजारी मिरच्या निवडत होती.

"आबा, जूनमध्ये लग्न करा म्हणाले होते ते?"

सावळीरामनं हातातला पाना खाली ठेवला. खोटं बोलायला त्याला वेळ पुरला नाही. "म्हणाले होते."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुला काय सांगायचं? बापानं ठरवायचं असतं ते. अन् कुणासाठी केलं मी? असा मोका बारा वर्षांनी येतो. त्या फुलांवर तुला चपलाहार केला, रिकाम्या गळ्यानं धाडली असती का तुला? लोक हसले असते."

"लोक आत्ता काय करतायत, आबा?"

त्यानं पाना पुन्हा हातात घेतला. ललितानं आईकडे पाहिलं. रंगूबाई मान खाली घालून मिरच्यांचे देठ खुडत होती, आणि त्या खुडण्यातच ललिताला कळलं की हिलाही ठाऊक होतं. म्हणजे तिच्या लग्नाचं तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं! ओझरच्यांनी फसवलं ते फसवलंच, पण ते परके. हे तर घरचे. शालूचा रंग तिला निवडू दिला, कपाटाची भिंत निवडू दिली, आणि खरं जे ठरवायचं ते झेंडूच्या वाफ्यात उभं राहून परस्पर ठरवून मोकळे झाले. ती ओरडली नाही की आदळआपट केली नाही. आत जाऊन पीठ मळायला बसली. पण त्या दिवसापासून तिचं बापाशी बोलणं तुटलं. "जेवायला बसा," "पाणी ठेवलंय," एवढंच काय ते.

मोडलेल्या मुलीला स्थळं कशी येतात, ते ज्याच्या घरी मोडलंय त्यालाच विचारा. एक पांगळा आला, एक पन्नाशीचा आला, एकानं आधीच्या घरी "काय काय झालं" ते खोदून खोदून विचारलं. दिवाळीच्या आधी मनमाडचा यादव आला. रेल्वेत नोकरी, बायको बाळंतपणात गेलेली, पदरात लहान मुलगी. सावळीरामला बिजवर पसंत नव्हता. यादव मात्र चहाचा कप खाली ठेवून सरळ ललिताकडे वळला. "माझी मुलगी तुम्हाला सांभाळावी लागेल. तुम्हाला चालेल का?"

एवढ्या वर्षांत तिला असं विचारणारा तो पहिलाच माणूस. तिला त्याच्याबद्दल प्रेम-बीम काही वाटलं नाही. फक्त दमल्यासारखं वाटलं. म्हणाली, "चालेल. पण लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तावर."

"एवढी घाई कशाला?" सावळीराम मध्ये पडला. "माघात करू, झोकात करू. बस्ता-बिस्ता..."

"पहिल्या मुहूर्तावर," ती यादवकडेच बघत म्हणाली. "नाहीतर नको."

बस्ता झाला नाही. यादवनं मनमाडहून एक साडी आणली, निळी. तीच नेसून ती बोहल्यावर उभी राहिली. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, जीप दारात लागली. सासरी निघताना मुलगी आईबापाच्या गळ्यात पडून रडते, आणि बायका त्याचसाठी पदर हातात धरून थांबलेल्या असतात. ललिता आईच्या गळ्यात पडली, थोडी रडलीही. मग बापासमोर आली. सावळीराम हुंदके देत होता. त्याच्या हातात लाल मखमलीची डबी होती. ती उघडून त्यानं चपलाहार बाहेर काढला, तिच्या गळ्यात घालायला पुढं झाला.

ललितानं त्याचा हात धरून खाली केला.

"हा ज्या लग्नाचा आहे, ते लग्न झालं नाही आबा," ती म्हणाली. "ते जूनमध्ये होतं."

तिनं वाकून नमस्कार केला, परक्या म्हाताऱ्याला करतात तसा, आणि जीपमध्ये जाऊन बसली. यादवची मुलगी पेंगत होती, तिला मांडीवर घेतली. सावळीराम डबी उघडी ठेवून तसाच उभा राहिला, आणि "पोरगी दगडाची आहे हो," असं बायका एकमेकींना म्हणाल्या.