आरसा न दाखवता

दंतमहाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर भुयार मॅडमचं राज्य होतं. डॉक्टर येत-जात, विभागप्रमुख बदलत, पण दात साफ करायला शिकणाऱ्या डिप्लोमाच्या पोरापोरींना सव्वीस वर्षं एकच आवाज धारेवर धरत आला होता. जमुना भुयार, माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं, आणि तोंडाचा पट्टा दोन्ही गावांना पुरून उरणारा.

मॅडम हत्यार हातात द्यायच्या फार उशिरा. पहिले पंधरा दिवस पोरांनी नुसतं एकमेकांना खुर्चीवर निजवायचं. खुर्ची मागे झुकली की खेड्यावरची म्हातारी माणसं पडल्यागत दचकतात, हातदांडे गच्च धरतात. म्हणून बटण दाबायच्या आधी सांगायचं, "बाबाजी, खुर्ची मागं जाऊन राहिली बरं." बाई असेल तर पायांवर आधी चादर टाकायची, कारण निजलं की लुगडं वर सरकतं आणि बिचारीचं सगळं लक्ष दातांऐवजी पायाशी अडकतं. त्या चादरी मॅडमनीच घरच्या जुन्या पलंगपोसांच्या शिवल्या होत्या. पुस्तक पाठ करून आलेला एखादा शुभम पेशंटला "आपणास वेदना होत आहेत काय?" असं विचारू लागला की त्या मागून गरजायच्या, "अरे, तो दात दाखवाले आला आहे, कोर्टात साक्ष द्यायला नाही! दुखते का, इचार!"

या सगळ्यावर एक नियम होता. साफ करण्याआधी पेशंटच्या हातात आरसा द्यायचा. वर्षानुवर्षांचं कीटण दातांच्या फटीत दगडासारखं बसतं आणि माणसाला तेच आपले दात वाटू लागतात. ते काढलं की फटी उघड्या पडतात, थंड पाणी झोंबतं, आणि पेशंट समजतो की आपले दात घासून टाकले. म्हणून आधी दाखवायचं, समजावायचं, मग हात लावायचा. केसपेपरवर त्याचा वेगळा रकाना होता आणि त्यात बरोबरची खूण असल्याशिवाय मॅडम सही करत नसत. आपलं चुकलं असं मॅडमनी कधी म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांच्या यजमानांनाही नाही.

त्या मंगळवारी परतवाड्याला शिबिर होतं. खाली जीप हॉर्न वाजवत होती, मॅडम औषधांची पेटी शोधत होत्या, आणि तिवस्याची प्रतीक्षा केसपेपर घेऊन पुढ्यात उभी राहिली. पोरगी हाताने हलकी, स्वभावाने भित्री. खुर्चीवर माणिकबाई बसल्या होत्या. बाजारात भाजी विकणारी साठीची बाई, आयुष्यात पहिल्यांदा दात दाखवायला आलेली.

"मॅडम, आरसा मिळून नाही राहिला. दुसऱ्या बॅचवाल्यांनी नेला वाटते."

"आता कुठं आरसा शोधत बसतेस? राहू दे. खालचे दात घे आज, वरचे पुढच्या खेपेला." आणि मॅडमनी स्वतःच्या हाताने रकान्यात खूण केली, सही ठोकली आणि जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला माणिकबाई पदर तोंडावर दाबून हजर. सोबत मुलगा किशोर, चांगलाच तापलेला.

"माह्या मायचे दात काहून घासून टाकले? चांगले एकमेकाले चिपकेल होते! आता काडी जाईन एवढ्या फटी पडल्या!"

"पानी पेलं त मस्तकात कळ गेली, बापा," माणिकबाई पदराआडून म्हणाल्या. "रात्री भाकर नाई खाल्ली म्या."

आरडाओरडा ऐकून विभागप्रमुख डॉ. अनुप बाहेर आले. माणूस तरुण, सरळ, कागदाला धरून चालणारा. त्यांनी केसपेपर मागवला आणि प्रतीक्षाला विचारलं, "यांना आधी आरसा दाखवला होता?"

"नाही सर."

"मग ही खूण कुणी केली?"

प्रतीक्षाने एकदा मॅडमकडे पाहिलं. नजर लगेच खाली गेली. "मीच केली, सर."

"म्हणजे खोटी नोंद. आजपासून महिनाभर पेशंटला हात लावायचा नाही."

सगळ्यांना ठाऊक होतं याचा अर्थ काय ते. परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. महिनाभर पेशंट नाहीत, तर ठरलेला आकडा पुरा होणार नाही, परीक्षेला बसता येणार नाही आणि वर्ष जाणार. तिच्या घरचे आणखी एक वर्ष तिला अमरावतीत ठेवतील, याची आशा कमीच होती.

भुयार मॅडम भिंतीशी उभ्या होत्या. पोरगी आपल्याला पाठीशी घालते आहे हे कळायला त्यांना क्षणही लागला नाही, आणि ते कळल्यावर त्यांना तिचाच राग आला. कुणी सांगितलं होतं हिला? मग वाटलं, अनुप सरांना एकटं गाठून हळूच सांगू, शिक्षा कमी करून घेऊ. सव्वीस वर्षांची अब्रू वर्गासमोर कशाला उधळायची? अठरा पोरं बघत होती. पण प्रतीक्षा रडतही नव्हती. नुसती हातमोजे काढत होती, एक-एक बोट सोडवून, अगदी मॅडमनी शिकवलं होतं तसं. ते मात्र त्यांना बघवेना.

"सर, खूण माझी आहे," मॅडम म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा खणखणीत निघाला नाही. "ती आरसा मागायला आली होती. मीच म्हटलं राहू दे. मला जीप गाठायची होती."

मॅडम माणिकबाईंसमोर गेल्या, डॉक्टरचं फिरतं स्टूल ओढून त्यांच्या गुडघ्याशी बसल्या.

"बाई, माही चूक झाली. तुमाले आधी सांगाले पायजे होतं. नाई सांगतलं. या पोरीचा काई दोष नाई."

किशोर एक पाऊल मागे सरला. भांडायला आलेल्या माणसासमोर कुणी चूकच कबूल केली की त्याची पंचाईत होते.

पुढचं मॅडमनी स्वतः सांगितलं नाही. त्यांनी प्रतीक्षाला डोळ्याने खुणावलं. प्रतीक्षा दुसऱ्या बॅचकडून परत आलेला आरसा घेऊन पुढे झाली आणि तिने माणिकबाईंना त्यांचे वरचे दात दाखवले, अजून हात न लावलेले. फटीत बसलेला पिवळा-काळा थर दाखवला. हे दात नाहीत, कीटण आहे. यानंच हिरडी मागे सरते आणि एक दिवस चांगला दात हलतो. ठणका आठ-दहा दिवसांत कमी होईल, तोवर कोमट पाणी प्या. सांगताना ती दोनदा अडखळली. मॅडमच्या जिभेवर शब्द तयार होते, पण त्यांनी ते गिळले.

माणिकबाईंनी पदर काढला आणि आरशात बराच वेळ पाहिलं. नखाने वरचा एक दात खरवडून पाहिला. "हे गोटे माह्या तोंडात होते, माय?"

"हो, आजी."

"मंग हे वरचेबी काढून टाक. पन या मॅडमनं इथून हलाचं नाई. कुठं जीपबीप आली त येऊ दे."

डॉ. अनुपनी केसपेपरवर शिक्षेसाठी उघडलेला पेन बंद केला आणि ते आत गेले. मॅडमना दोन ओळींचा खुलासा लिहून द्यावा लागला, तो त्यांनी त्याच दिवशी दिला.

माणिकबाईंच्या पायांवर चादर पडली, खुर्ची मागे जात असल्याचं त्यांना सांगून झालं. प्रतीक्षा पाणी उडवणारं यंत्र घेऊन वाकली. मॅडम बाजूला उभ्या राहून थुंकी ओढणारी नळी धरू लागल्या, पहिल्या वर्षाच्या पोरांचं काम. डोळे भरून आले होते आणि मास्कमुळे पुसता येत नव्हते.

"मॅडम," प्रतीक्षा मान वर न करता म्हणाली, "नळी जरा आत घ्या. पाणी साचून राहिलं."

"घेते बाई," मॅडम म्हणाल्या, आणि नळी आत घेतली.