मागच्या शिटावरचा हादरा

यमाईला मी त्या दिवशी लई बोलले. तोंडानं न्हाई, मनातच. पण देवीला मनातलं ऐकू जातं, म्हणून मोजून-मापून न्हाई बोलले. माझी लेक शीतल वॉटरफोर्डच्या दवाखान्यात एकटी व्हती. दिवस भरायला अवकाश हाय म्हणून जावई कंपनीच्या कामाला जर्मनीला गेलेले, आन् हिला सकाळीच कळा सुरू झाल्या. मी गावाकडनं आयर्लंडला आले ती तिच्या बाळंतपणासाठी, आन् बसले व्हते तिच्यापासनं दोन तास लांब, ब्लँचर्डस्टाउनला, महेशकडं, माझ्या लेकाकडं. तिच्याकडं पुढच्या आठवड्यात जायचं ठरलेलं. ठरवणारे आपण कोण, म्हणा.

महेशची गाडी जुनी. वस्तीतनं हळू चालली की गुणी, आन् मोठ्या रस्त्याला काटा शंभरावर गेला की अंगात आल्यावानी थरथरायची. ग्यारेजवाल्यानं पुढची चाकं काढून, तोलून परत बसवून दिलेली, तरी तेच. त्या दिवशी शीतलकडं निघालो तवाबी तेच. मला बुडाखालनं हादरे बसत व्हते, पार मणक्यात जात व्हते.

मी म्हणलं, “महेश, मागं कायतरी हाय रं.”

“मागं तुझे डबे आहेत, आई. दगडाचा खलबत्ता कुणी विमानातून आणतं का? गाडी हादरणार नाही तर काय करेल?”

“मग तुझी बायको घरी काय दातानं सुंठ कुटती व्हय?”

पुढची जागा मोकळी व्हती. “पुढे बस” असं तो दर वेळी म्हणायचा. पण गाडीत पुढं गडीमाणसानं बसावं, बाईनं मागं, हे अंगात मुरलेलं. रिकामी जागा बघत मी मागंच बसायची.

पदराच्या गाठीत यमाईचा अंगारा व्हता. तो मुठीत धरून म्हणत व्हते, आई, हा हादरा तेवढा थांबव, मला लेकीजवळ पोचव. हादरा वाढतच गेला. महेशला दम निघंना, त्यानं काटा अजून वर नेला, तशी दारं खडखडाय लागली. शेवटी पेट्रोल पंपावर गाडी घ्यावी लागली. तो उतरला आन् चाकाला लाथ मारली. मी आत बसून देवीला म्हणलं, जन्मभर तुझ्या दारात नाक घासलं, दोन लेकरं पुरली तरी तुला बोल लावला न्हाई, आन् आज एक गाडी तुला नीट चालवता येईना?

शेजारी मागं घोडा न्यायचा डबा जोडलेली एक जीप उभी व्हती. त्यातनं माझ्याच वयाची एक बाई उतरली. पांढरे केस, गुडघ्यापतूर रबरी बूट. तिनं महेशला इचारलं, थरथर हातात लागती का बुडाखाली? हातात लागली तर खोट पुढच्या चाकात, बुडाखाली लागली तर मागच्या, हे मला महेशनं नंतर सांगितलं. महेश म्हणला, हातात, थोडी. मग तो घुटमळला. तो कधी मागं बसलेलाच न्हाई.

त्या बाईनं माझं दार उघडलं. आधी दोन्ही हातांनी स्टेरिंग धरल्यागत करून हात हालवले, मग सरळ आपल्या बुडावर चापट मारली आन् माझ्याकडं बघितलं.

मी माझ्या बुडावर चापट मारली. “हितं, बाई, हितं.”

“आई!” महेश लाजला. ती बाई मोठ्यांदा हसली, तशीच ओल्यात गुडघ्यावर बसली आन् मागच्या चाकाच्या आतल्या बाजूनं हात फिरवला. मग माझा हात धरून तिथं ठेवला. टायरला गळू आल्यागत फुगा आलता. अजून थोडा वेळ त्या वेगानं पळवली असती तर फुटला असता, असं ती महेशला म्हणली. त्याचं तोंड राखंसारखं झालं.

तिनं त्याला चाक बदलायला हात लावला. डिकीतलं चाक छोटं, त्याच्यावर गाडी पळवायची न्हाई. मग ट्रका पण आम्हाला मागं टाकून चालल्या. आपण वाचलो म्हणून मी हात जोडायला पाहिजे व्हते. पण मला तर जास्तच राग आला. म्हणलं, मला वाचवायला वाटेत थांबवलंस, आन् तिकडं ती एकटी वरडत असंल, तिचं काय?

पोचले तवा नात जन्मलेली. शीतल म्हणली, “आई, मी एकटी नव्हते गं.” खाटंशेजारी एक लाल केसांची नर्स उभी व्हती, अंगात कोट, घरी निघालेली. तिच्या मनगटावर शीतलच्या नखांचे वळ उठलेले, एक तर रक्ताळलेला. ते वळ माझ्या हातावर उठायला पाहिजे व्हते. त्याच्यासाठी मी समुद्र वलांडून आलते. क्षणभर त्या पोरीचाच राग आला, खोटं कशाला बोलू.

मग गाठ सोडली आन् तिच्या वळांवर अंगारा लावला. तिनं हात काढून घेतला न्हाई. “ग्रँड, ग्रँड,” म्हंजी बरं हाय, बरं हाय, असं म्हणत उभी राहिली, आन् माझ्याच डोळ्यांतनं पाणी गळाय लागलं.

राग गेला म्हणणार न्हाई. लेकीच्या कळा मी बघितल्या न्हाईत, ते मला जन्मभर सलणार. पण त्या दिवसापासनं यमाईला वाट सांगत न्हाई. हे थांबव, ते चालव, मला पोचव, असलं काही न्हाई. एवढंच म्हणते, आई, माणूस धाड. कोण, ते तुझं तू बघ.