थांबा मिस्त्रींची पक्की नोकरी

माझ्या नवऱ्याला सगळे थांबा मिस्त्री म्हणतात. तोंडावर नाही, पण पाठ वळली की हेच. आणि मी तरी कुणाला दोष देऊ? आमच्याकडे फ्रिज आला तेव्हा हमाल तो पाठीवर घेऊन जिन्यात उभे, आणि हे वरची एकेक पायरी पायाने दाबून बघतायत. घामाघूम झालेला हमाल मला म्हणाला, "वहिनी, आधी ह्यांना आत घ्या, मग फ्रिज आणतो." मी कपाळाला हात लावला.

ह्यांचं काम काय, हे लोकांना समजावताना माझ्या नाकी नऊ येतात. कारखान्यात अवजड मशीन यायचं असलं की ते बसवणारे वेगळे, चालवणारे वेगळे. हे त्या सगळ्यांच्या आधीचे. गेटपासून जागेपर्यंतची जमीन वजन पेलेल का, वर कुठे वायर लोंबतेय का, वळणावर मशीन अडेल का, पाया नीट घट्ट झालाय का, हे बघायचं, वाट मोकळी करायची आणि बाजूला व्हायचं. मशीन बसलं की फोटो काढतात. त्या फोटोत बसवणारे असतात, चालवणारे असतात, मालकाची सासूसुद्धा असते. हे तेव्हा मागच्या बाजूला फळ्या गोळा करत असतात.

आज ह्या कारखान्यात, उद्या त्या, मध्ये घरी बसणं. वय होत चाललं, गुडघे कुरकुरतात. म्हणून माझ्या धाकट्या भावाने मनावर घेतलं. तो पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात मॅनेजर आहे. तिथे नवं प्रेस मशीन यायचं होतं, चांगलं खोलीएवढं. भावाने मालकाकडे शब्द टाकला. मालक म्हणाले, एवढं मशीन नीट बसू दे, तुझ्या दाजींना कायमचं ठेवून घेतो, पुढे आणखी मशिनं येणारच आहेत.

पक्की नोकरी. मला तर रात्री झोप लागेना.

"ताई, फक्त त्यांना सांग, जरा आवरतं घ्या म्हणावं," भाऊ म्हणाला.

मी सांगितलं. "अहो, ह्या वेळी तरी फार ताणू नका." हे "हो" म्हणाले. ह्यांच्या ‘हो’चा अर्थ, ऐकू आलं, एवढाच.

कामावर गेले आणि पहार घेऊन शेडची जमीन ठोकत सुटले. दारापाशी आवाज पोकळ आला. झालं. जमीन फोडली तर खाली जुनी पाण्याची टाकी, रिकामी, वर जेमतेम चार बोटं जाडीचा थर. ती तिथे आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. मालक म्हणाले, इतकी वर्षं त्यावरून माणसं चालतायत की. हे म्हणाले, "हो, माणसंच चालतायत."

मग टाकी भरणं आलं. खडीचा थर टाकायचा, ठोकायचा, पुन्हा थर, पुन्हा ठोकायचं. वर सळया आणि काँक्रीट, आणि त्यावर ओलं गोणपाट घालून हात जोडून वाट बघायची. मालक रोज येऊन विचारायचे, झालं का, आणि हे रोज म्हणायचे, थांबा. भाऊ मला फोन करून करून पिडायचा. मी ह्यांच्यापुढे डोकं आपटायची. उपयोग काडीचा नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर ते आमचे हे कसले. एका संध्याकाळी लाकडी पट्ट्या आणि कापडाचा गठ्ठा घेऊन घरी आले. मशीनच्या मापाचा सांगाडा करायचा आणि त्याला कापड लावायचं. खऱ्याच्या आधी खोटं मशीन वाटेने नेऊन बघायचं, ही ह्यांची जुनी रीत. शिवायला अर्थात मी. पुढची खोली त्या कापडाने अशी भरली की आम्ही भिंतीला चिकटून ये-जा करायचो. शेजारीण डोकावून म्हणाली, "तंबू घेऊन निघालात कुठे?" मी काय सांगणार. सुई बोटात घुसत होती आणि मी मनातल्या मनात सगळ्यांच्या नावाने बोटं मोडत होते.

ते खोटं मशीन गड्यांनी उचलून शेडमधून नेलं तेव्हा कामगार काम टाकून हसत बसले. कुणी शिट्ट्या वाजवल्या. आणि ते अडलं. कामगारांच्या संडासाच्या भिंतीला त्याचा कोपरा टेकला. "थांबा," हे म्हणाले, "ही भिंत काढावी लागेल." भावाने स्वतःच्या जबाबदारीवर भिंत पाडायला लावली, आणि तेवढे दिवस मालकाला आपल्या ऑफिसमधला संडास सगळ्यांसाठी उघडा ठेवावा लागला. भाऊ म्हणतो, बाकी सगळं मालक विसरले असते, हे नाही विसरले.

तरीही नोकरी हातातून गेली नव्हती. काँक्रीट घट्ट झालं, वाट मोकळी झाली, ट्रेलर यायचा दिवस ठरला. मी जरा श्वास घेतला. आणि आदल्या दिवशी ह्यांनी घोळ घातला.

मालकाने पाहुणे बोलावले होते. मशीन येताना बघायला म्हणून शेडमध्ये अगदी वाटेच्या कडेला खुर्च्या मांडल्या होत्या. ह्यांनी सांगितलं, मशीन हलत असताना आत कुणी नको. मालक म्हणाले, बसून राहतील, हात लावणार नाहीत. हे म्हणाले, "लावतील. जड वस्तू कलली की माणसाचा हात आपोआप पुढे जातो, टेबलावरून पेला पडताना जातो तसा. वजन माहीत असूनही जातो." मालकाने ऐकलं नाही. तर ह्यांनी काय करावं? एकेक खुर्ची उचलून स्वतः बाहेर आवारात नेऊन ठेवली. मालकाच्या देखत.

त्या संध्याकाळी भाऊ आला आणि स्वयंपाकघराच्या दारातच घुटमळला. मी भाजी चिरत होते.

"बोल की," मी म्हणाले.

"दाजी, उद्या तुम्ही येऊ नका, असं मालक म्हणतायत." त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

हे पाणी पीत होते. पेला खाली ठेवून म्हणाले, "खुर्च्या पुन्हा आत मांडल्या?"

"मांडल्या."

"मग तू बघ," एवढंच म्हणाले आणि उठून गेले.

मी भावावर तोंड सोडलं, ह्यांच्यावर सोडलं. चार खुर्च्यांपायी माणूस आयुष्याची भाकरी लाथाडतो का? कोण कुठले ते पाहुणे, त्यांच्या हातांची ह्यांना एवढी पडली होती, आणि माझी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचं घरात लक्ष नव्हतं. उगाच दाराची कडी काढली, लावली. शेवटी चपला घालून निघाले. "कुठे?" म्हटलं, तर "नुसता बाहेर उभा राहतो." म्हणजे ज्यांनी हाकललं त्यांच्याच गेटवर. माझा असा तिळपापड झाला की मी भांडी घासायला काढली, घासलेलीच. आणि घासता घासता मनात म्हणाले, एकदा, फक्त एकदा काहीतरी पडू दे. ते मशीन तिथे आपटू दे आणि सगळ्यांची तोंडं बंद होऊ देत. म्हणजे कळेल, हा माणूस कशासाठी थांबा म्हणतो ते. माझा हात जोरजोरात चालत होता. मग एकदम आठवलं, आत त्या वाटेवर माझा भाऊ उभा आहे.

नंतरची दुपार कशी गेली ते मला विचारू नका. फोनकडे बघायचं धाडस होईना.

हे परतले ते खुशीत. मला हसूसुद्धा येईना, आणि ह्यांचा चेहरा फुललेला. "टाकीवरून गाडी गेली. जागची हलली नाही जमीन. वळणावर कोपरा सुटला," गेटातून बघितलेलं सगळं हे चपला काढता काढता सांगत होते. "आणि तुझ्या भावाने पाहुण्यांच्या पुढे दोरी बांधली होती. मालक ओरडत होते, पण तो दोरी सोडेना. एकदा मशीन जरासं कललं, सगळे उठले, पण दोरीच्या पुढे कुणी नाही आलं."

रात्री भाऊ जेवायला थांबला. आवाज पार बसला होता त्याचा.

"नोकरीचं काय?" मी विचारलं. मला दम निघेना.

तो ताटाकडे बघत म्हणाला, "मालक म्हणाले, आपल्याकडे तर काहीच झालं नाही. मग असा माणूस पगार देऊन ठेवायचा कशाला?"

"टाकीचं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. म्हणाले, कुठली टाकी?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, आता तरी बोलतील, चिडतील, ताट तरी सरकवतील. हे भावाला म्हणाले, "कुणाला लागलं नाही ना?"

"नाही दाजी."

"मग जेव."

मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. मालकाचा आला, ह्यांचा आला. उद्यापासून हे पुन्हा घरी बसणार, पुन्हा लोकांच्या फोनची वाट बघणार, आणि कुणाला त्याचं काहीही वाटणार नाही. काहीतरी लागेल असं बोलायला मी तोंड उघडलं. समोर भाऊ जेवत होता, दमलेला, धडधाकट, दहाही बोटं जागच्या जागी. मी उठले आणि त्याच्या ताटात भात वाढला. तो "पुरे, ताई, पुरे" म्हणत होता, तरी वाढतच राहिले.