पडद्यावर आलेलं नाव

जानेफळची आमची पिठाची गिरणी चालू असली की तिथे ओरडल्याशिवाय कुणाला काही ऐकू येत नाही. म्हणून पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा बाबांनी घेतलाच नाही. गिऱ्हाइकाने कोड स्कॅन करायचा, मोबाइलवर दिसेल ते नाव ओरडून वाचायचं आणि बाबांनी आतून होकार द्यायचा, अशी पद्धत पडली. चिल्लरची कटकट गेली म्हणून बाबा खूश होते. दिवसभर गावाच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायलाही त्यांना आवडायचं, कबूल करत नसत एवढंच.

बाबा गेल्यावर आई गिरणी चालवू लागली. खातं आणि कोड मात्र बाबांचेच राहिले. ते बंद करायला हवं हे कळत असूनही मी टाळत होते. मेहकरहून शनिवारी घरी आले की मी गुपचूप तो कोड स्कॅन करायचे. पैसे द्यायचे नसायचेच. पडद्यावर बाबांचं नाव यायचं आणि ते मागे उभे आहेत असं वाटायचं. मागे वळून बघायची मात्र माझी हिंमत होत नसे.

एका शनिवारी पडद्यावर भलत्याच माणसाचं नाव आलं. मी पुन्हा स्कॅन केलं. तेच नाव. बाबांना कुणीतरी दुसऱ्यांदा नेलं होतं.

आईला विचारलं. "दोन पोरं आले होते गाडीवर," ती म्हणाली. "म्हणे जुना कोड बंद होऊन राह्यला, नवा लावून देतो. मले वाटलं, हे गेले म्हणून बंद होत असीन."

बाबांचा मोबाइल तिने कपाटात ठेवून दिला होता. त्यावर मेसेज येतात की नाही, हे बघायची तिच्यात ताकद नव्हती. मी दळण घेऊन आलेल्या शेजारच्या काकांवर खेकसले, "इतके दिवस पैसे पाठवून राह्यले, नाव नाही पाह्यलं?"

"तुह्या मायसमोर त्याचं नाव कसं घ्याव, बाई?" काका म्हणाले. "मी तं वाचतच नाही. नजर खाली ठेवतो अन् बटन दाबतो."

अख्ख्या गावाने हेच केलं होतं, कुणी कुणाला न सांगता. आईला जपायला सगळ्यांनी डोळे मिटले आणि चोरांचं फावलं. आता चिडायचं कुणावर? मला रडू आलं.

तक्रार दिली. बँकेत बाबांचा मृत्यूचा दाखला दिला, त्यांचं खातं बंद झालं. आईच्या नावाचा नवा कोड मी स्वतः भिंतीवर चिकटवला. बाबांना गिरणीतून मीच बाहेर काढते आहे, असं वाटत होतं.

पहिले आले ते काकाच. त्यांनी मोबाइल वर धरला तशी आईने गिरणी बंद केली. एवढी शांतता तिथे मी कधी अनुभवली नव्हती.

"नाव वाचा, भाऊजी," ती म्हणाली.

काकांनी आईचं नाव वाचलं, क्षणभर अडखळले आणि थेट आडनावावर गेले. मधे नवऱ्याचं नाव असतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"मधलंही वाचा," आई म्हणाली. "मोठ्यानं."