भिंतीपलीकडचा बहावा

धानोऱ्यात कात्री बोथट झाली की लोक सादिककडे जायचे, आणि सादिक वारल्यावर त्याच्या बायकोकडे, जाहिदाकडे जाऊ लागले. आधी दोन-चार शिंप्यांनी नाकं मुरडली, बाईमाणसाला कुठून यायची धार म्हणून. पण तिनं लावलेली धार दिवाळीपर्यंत टिकली, मग ते गुमान रांगेत बसले. सायकलीच्या सांगाड्यावर बसवलेलं साणेचं चाक, वर थेंब थेंब पाणी गाळणारा डालड्याचा डबा आणि खाली पायडल. पाय हलत राहायचा, ठिणग्या उडत राहायच्या आणि जाहिदा उघड्या डोळ्यांनी कुठंतरी भलतीकडेच पोचलेली असायची.

कुठं, ते सांगायला हवं. तिच्या घराच्या मागल्या दारातून कब्रस्तानाची भिंत दिसायची. सादिक चौऱ्याण्णवच्या जानेवारीत छातीत कळ येऊन गेला. इद्दतीचे, विधवेनं घरातच काढायचे चार महिने दहा दिवस ती बाहेर पडली नाही, त्या दारात बसून भिंतीकडे बघत राहिली. इद्दत संपली तरी बघणंच नशिबी होतं, कारण तिथल्या रिवाजाप्रमाणे बायका आत जात नसत. कबरी सगळ्या कच्च्या, नाव ना दगड. भिंतीमागे तो नेमका कुठं निजलाय हेच तिला ठाऊक नव्हतं, आणि ते तिला सोसवत नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की त्याच्या उशाशी एखादं झाड वाढावं, भिंतीवरून डोकं काढावं, आणि तिनं दारातून बघून म्हणावं, हा इथं आहे.

पहिल्या पावसाळ्यात तिनं चंद्रपूरहून गुलाबाची कलमं मागवली. सादिकचा धाकटा भाऊ आरिफ, ज्याचं एसटी स्टँडजवळ पंक्चरचं दुकान होतं, तो ती लावून आला. एप्रिलमध्ये त्यांच्या काड्या झाल्या. दुसऱ्या वर्षी कुणीतरी फुकट वाटलेला गुलमोहर त्यानं लावला, तो बकऱ्यांनी खाल्ला. जाहिदा दोन दिवस जेवली नाही. एका रोपट्यापायी उपाशी राहणं शहाण्या माणसाला शोभत नाही, पण शहाणपणाची तिला तेव्हा गरज नव्हती.

तिसऱ्या वर्षी, उन्हाळा सरता सरता, रंभाबाई विळे घेऊन आली. धानाची शेती करणारी, रानालगतच्या गावची बाई. अर्धं आयुष्य मोहफुलं वेचण्यात गेलेलं. जाहिदानं विळा चाकाला टेकवता टेकवता तिला सगळं सांगून टाकलं.

"तिथी पाणी कोण घालन?" रंभाबाईनं विचारलं.

"कोणीच नाई."

"मंग चंद्रपूरचा गुलाब काऊन आणतं व बाई? मुरमाड जमीन, वैशाखाचं ऊन, मोकाट बकऱ्या. ह्या सगळ्याले पुरून उरलं ते झाड पाह्य. भिंतीच्या बाहीर टेकडीवर काय उभं हाये?"

दोघी मागल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. अडीच वर्षं जाहिदानं भिंत पाहिली होती, टेकडी पाहिलीच नव्हती. पळस होते, धावडा होता, आणि वाळल्या रानात एकच झाड पिवळ्याधमक झुंबरांनी लगडलेलं.

"पळस जगन?"

"जगन ना. पण फागुनात सारं रानच लाल होते. त्यातला तुहा कोणता, कशी वळखशीन? बहावा लाव. बाकी सारं करपलं की हा फुलते. बकऱ्या तोंड लावत नाईत." मग तिनं आवाज खाली आणला. "पण बी लय टणक. अस्वल शेंगा खाते, त्याच्या पोटातून निघालं ते बी लवकर फुटते. आणून देऊ काय?"

"तौबा! कबरीवर?"

रंभाबाई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "बरं व माय. मंग दगडावर घास. जराकसंच, आतलं मरू देऊ नको."

दगड तर घरातच होता. पुढल्या आठवड्यात रंभाबाईनं काळ्या लांब शेंगा आणून दिल्या. जाहिदानं अकरा बिया निवडल्या आणि सादिकच्या साणेवर एकेक हळूच टेकवली. चाक फिरत होतं, तिची बोटं दगडाच्या इतकी जवळ होती की सादिक असता तर ओरडला असता. तो ओरडतोय असं तिला ऐकूही आलं, आणि ती त्याच्यावर हसली. मग बिया डालड्याच्या डब्यातल्या पाण्यात टाकल्या. सकाळी त्या फुगून दुप्पट झाल्या होत्या.

"उशाकडे पेर. साऱ्या एकाच जागी," तिनं आरिफला बजावलं. तो पावसातून परत आला, "झालं, भाभी," म्हणाला आणि चहा न घेताच निघून गेला.

पुढं ती विचारायची, जगला का? तो खाली बघून म्हणायचा, जगला. एवढ्यावर जाहिदानं सात वर्षं काढली. पायडल मारताना तिला मुरमातून खाली उतरणारं मूळ दिसायचं, सादिकच्या खांद्याशी पोचलेलं. धार लावायला आलेली माणसं खोकायची, तेव्हा ती परत यायची.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात एका सकाळी भिंतीवर पिवळं दिसलं. जाहिदाच्या हातातली बादली तिथंच राहिली. ती रडली, मोठ्यानं रडली. आणि मग डोळे पुसून पाहते तो डावीकडे आणखी एक पिवळं. अन् पार पश्चिमेच्या कोपऱ्यात तिसरं.

तिनं आरिफला बोलावून घेतलं. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"भाभी, त्या साली कबर बसून गेली होती. गुलमोहराची काडी खूण होती, तीबी राह्यली नव्हती. मले भाईची जागाच सापडली नाई. भर पावसात हिंडलो. मंग अंदाजानं इथी तिथी पेरल्या. तुमाले सांगाची हिंमत झाली नाई."

जाहिदाला भयंकर राग आला. सात वर्षं! तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारची नाहीद आत आली. तिची पाच वर्षांची मुन्नी मलेरियानं गेली, त्याला नऊ वर्षं झाली होती. नाहीद कुणाकडेच न बघता मागल्या दाराशी गेली.

"आरिफभाई," ती हळूच म्हणाली, "तो कोपऱ्यातला बहावा. माही मुन्नी तिकडंच हाये ना?"

आरिफनं जाहिदाकडे पाहिलं. जाहिदा त्या तिन्ही झाडांकडे बघत राहिली. कोपऱ्यातलं सगळ्यांत भरगच्च फुललं होतं आणि मघापासून तिनं मनात तेच सादिकचं ठरवलं होतं.

"तिचाच हाये तो," जाहिदा म्हणाली. "मुन्नीसाठीच पेरला होता."

नाहीद चौकटीला धरून खाली बसली. जाहिदानं चुलीवर आधण ठेवलं, तीन कप मांडले, आणि त्या दिवशी आरिफनं चहा घेतला.