दार लावून घेणाऱ्या सिस्टर

माझ्याच बिऱ्हाडात, माझ्याच नवऱ्याच्या खोलीचं दार माझ्याच तोंडावर लावून घ्यायची हिंमत आजवर एकाच बाईनं केली. सिस्टरनी. रोज सकाळी ट्रामने कलकत्त्याच्या बेहाला भागात आमच्या घरी यायच्या, चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या, मोरीवर कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि माझ्या हातातलं उकळलेल्या पाण्याचं पातेलं काढून घेत म्हणायच्या, "वहिनी, बाहेर थांबा. आत हवा लागते." की लागलीच कडी! वैशाखात कलकत्त्यात झाडाचं पान हलत नाही, अंगाला नुसत्या धारा लागतात. पण सिस्टरांची ती हवा बारा महिने लागायची.

मग मी दाराबाहेर स्टुलावर बसून तांदूळ निवडायची. निवडता निवडता त्यांच्या नावानं जे काही पुटपुटायची, ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक शब्द लिहिते, कारण मनातल्या मनात मी त्यांना त्याच नावानं हाक मारत असे. सवत.

आमच्या ह्यांची पुण्याहून कलकत्त्याला बदली झाली, ती केंद्र सरकारच्या हिशेबाच्या कचेरीत. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. आल्यावर वर्षभरात ह्यांना शौचावाटे रक्त पडू लागलं. मूळव्याध म्हणून ताकात सुरण, त्रिफळा, सगळं झालं. शेवटी मोठ्या इस्पितळातल्या बंगाली सर्जननी तपासून सांगितलं, आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला कॅन्सर आहे. तेवढा भाग काढून टाकायचा, खालची वाट कायमची शिवून बंद करायची आणि पोटाच्या डाव्या अंगाला नवी वाट काढून द्यायची. ऐकताना हे भिंतीकडे बघत होते. ते त्या दिवसापासून माझ्याकडे नीट बघेनातच.

ऑपरेशन झाल्यावर सर्जन बाहेर आले. त्यांच्या इंग्रजीतलं मला एवढं कळलं की गाठ निघाली, आणि पोटात हात घालून त्यांनी यकृतही चाचपून पाहिलं, ते गुळगुळीत लागलं. हा रोग पुढे यकृतात जातो म्हणे. "आमचं काम झालं," असं म्हणून ते गेले. मी वॉर्डात धावले, तर पलंगापाशी आधीच एक नर्स उभी. ठेंगणी, सावळी, हातांची हाडं पुरुषासारखी. नगरकडची ख्रिश्चन, मराठी बोलणारी. ह्यांच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "मुकुंदराव, ऐकू येतंय का? पायाची बोटं हलवा बरं." आणि बोटं हलली! परक्या मुलखात, गुंगीतून वर येताना ह्यांनी पहिला ओ दिला तो तिला. मी देवाला नमस्कार केला, आणि त्याच क्षणी माझ्या पोटात पहिली आगही पडली. दोन्ही एकदमच झालं, त्याला मी काय करू?

त्यात ते नाव! आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नात घास भरवताना उखाण्यात काय घेतलं तेवढंच, पुढे जन्मभर 'अहो' नाहीतर 'हे'. आणि ही बाई दिवसातून दहा वेळा मुकुंदराव, मुकुंदराव! मुकुंदराव, कूस बदला. मुकुंदराव, रागावलात का? जणू हिच्याच पदरात घातलेत.

दिसायला देखणी असती तर एक वेळ मला बरं वाटलं असतं. शेजारणीला सांगता आलं असतं, बाई बघ गं, कशी नखरेल आहे, आणि मन मोकळं झालं असतं. पण सिस्टरांच्या अंगावर सोन्याचा मणी नव्हता, केस घट्ट मागे ओढलेले, अंगाला कायम फिनेलचा वास. असल्या बाईचा हेवा करायचा तर करायचा तरी कसा? तरी मी केला. मनापासून केला.

घरी आणल्यावर त्याच सिस्टर रोज सकाळी येऊ लागल्या, आणि खरी परीक्षा सुरू झाली. हे जेवेनात. पोटात गेलं की डाव्या अंगानं बाहेर येणार, वास येणार, लोकांना कळणार, त्यापेक्षा खायलाच नको. मी मऊ भात केला, मुगाचं कढण केलं, हाता-पाया पडले. ताट तसंच परत यायचं. ऑपरेशनातून वाचलेला माणूस माझ्या डोळ्यांदेखत उपाशी मरायला निघाला होता. मी सिस्टरांना रडत रडत सांगितलं. त्या आत गेल्या, कडी लागली, आणि आतून त्यांचा खणखणीत नगरी आवाज आला, "कापणाऱ्यानं कापलं, मुकुंदराव. आता जगायचं काम तुमचं. ते मी करू का?" त्या दुपारी ह्यांनी मेतकूट घालून वाटीभर भात खाल्ला. मी वाढलेलाच भात, पण खाल्ला तिच्या शब्दावर.

पोटाला घड्याळ लावायचं, हा त्यांचा मंत्र. रोज ठरल्या वेळी एनिमाच्या भांड्यानं आणि रबरी नळीनं ती वाट धुऊन काढायची, वर कापूस ठेवून फ्लॅनेलचा पट्टा बांधायचा, की दिवसभर पोट गप्प. कांदा नको, मुळा नको, कोबी नको, पिकलं केळं चालेल. त्या वाटेनं जे येई त्याला दोघांनी नाव ठेवलं होतं, 'पाहुणे'. "आज पाहुणे वेळेवर आले हं," असं आतून ऐकू यायचं आणि पाठोपाठ दोघांचं हसणं. ह्यांचं हसणं! माझ्यापुढे मोजून मापून बोलणारा माणूस दाराआड खो खो हसत होता. शेवटी सिस्टर झाकलेली बादली घेऊन बाहेर यायच्या. मी हात पुढे केला की म्हणायच्या, "राहू द्या वहिनी." बादलीलासुद्धा मला हात लावू द्यायच्या नाहीत.

आणि ह्यांचा आज्ञाधारकपणा तर विचारू नका. जेवल्यावर शतपावली घाला म्हणून लग्न झाल्यापासून माझ्या जिभेला फोड आले होते. सिस्टरनी एकदा म्हटलं, तर दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर फेऱ्या सुरू! तपकीर सुटली. मी तोंड वाकडं केलं तर मला म्हणतात कसे, "अगं, सिस्टर सांगताहेत." हो बाबा, वेदच ते.

भाद्रपदात आपल्या मराठी मंडळींचा गणपती बसायचा. दरवर्षी पंगतीत मठ्ठा वाढायचं काम ह्यांचं. त्या वर्षी म्हणाले, जाणार नाही. पंगतीत आवाज झाला तर? शेजारच्यानं नाक मुरडलं तर? मी समजावून थकले. सिस्टर म्हणाल्या, "मी येते. समोर बसते. काही वाटलं तर माझ्याकडे बघा, मी उठून पाणी सांडते. सगळे माझ्याकडे बघतील." ख्रिश्चन बाई गणपतीला आली, सगळी आरती पाठ म्हटली, वर मोदकाला नाही म्हणाली नाही. आणि हे पाटावर बसले, पोटभर जेवले, नंतर कमरेला पंचा खोचून मठ्ठ्याची कळशीही उचलली. पाणी सांडावं लागलं नाही. पण सबंध जेवणात दर चार घासांनी त्यांची नजर जायची ती समोर. शेजारी बसलेल्या बायकोकडे एकदाही गेली नाही. लोक येऊन मला म्हणत होते, "वहिनी, तुमच्या सेवेचं फळ!" मी कसनुसं हसत होते.

थंडीत सिस्टरांची जायची वेळ आली. नगरला आई आजारी होती, तिकडेच नोकरी मिळाली होती. शेवटच्या दिवशी मी स्टुलावर वाटाणे सोलत बसले होते. खरं सांगते, मला आनंद झाला होता. तेवढ्यात आतून आवाज आला.

"उद्यापासून मी नाही, मुकुंदराव. आज दार उघडते."

"नको सिस्टर. तुम्ही मला शब्द दिलाय."

"दिला आणि पाळला. दार लावा म्हणालात तुम्ही, शिव्या खाल्ल्या मी. वहिनी बाहेर बसून मला काय काय म्हणतात, ते इथे ऐकू येतं हो."

"तिनं हे बघितलं तर..."

"तर काय? पळून जातील? गेल्या तर ट्रामपाशी मीच धरून आणते."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. कडी निघाली. सिस्टर म्हणाल्या, "वहिनी, हात धुऊन या. कोपरापर्यंत."

मी आत गेले. ह्यांनी डोळ्यांवर हात आडवा टाकला होता. सिस्टरनी पट्टा सोडला, कापूस उचलला. डाव्या अंगाला सुपारीएवढं लालचुटूक काहीतरी होतं, ओठाच्या आतल्या बाजूसारखं. एवढंच. माझा संतापच झाला. "अहो, एवढ्यासाठी? तुमच्या आईचं अंथरुणातलं सगळं मी ह्या हातांनी काढलं, आणि मला किळस येईल असं वाटलं तुम्हाला?" ह्यांनी हात काढला नाही, पण हाताखालून पाणी गालावर आलं. सिस्टरनी नळी माझ्या हातात दिली, पाणी किती कोमट ते मनगटावर दाखवलं आणि त्या बाहेर गेल्या. जाताना त्यांनी दार लावून घेतलं. मी आत, त्या बाहेर. थोड्या वेळानं स्टुलावरून वाटाणे ताटात पडल्याचा आवाज येऊ लागला.

निघताना मी त्यांची खणानारळानं ओटी भरली. "आमच्यात नसतं हे," त्या म्हणाल्या, "पण खण कोण सोडतंय?" हे ट्रामपर्यंत पोचवायला गेले आणि बऱ्याच उशिरानं परत आले. डोळे लाल होते. सिस्टरांनी इतके महिने माझा राग अंगावर घेतला, हे मला कळत होतं, पण त्यामुळे हेवा कमी झाला असं कुणी समजू नये. माझ्या नवऱ्याला माझीच भीती वाटते, हे तिला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. ही गोष्ट मला अजून सोसत नाही.

पुढची काही वर्षं चांगली गेली. सकाळचं काम माझ्याकडे आलं. "सिस्टर पाणी जरा जास्त कोमट घ्यायच्या," असं ऐकत ऐकत का होईना, मी ते केलं. कचेरी, गच्चीवरच्या फेऱ्या, गणपतीतला मठ्ठा, सगळं चालू होतं. मग एका सकाळी मला ह्यांच्या डोळ्यांत पिवळी झाक दिसली. सर्जननी उजव्या बरगडीखाली बोटं दाबून पाहिली. पूर्वी गुळगुळीत लागलेलं यकृत आता गाठीगाठीचं लागत होतं. आता कापण्यासारखं काही नाही, म्हणाले.

शेवटी शेवटी भेटायला माणसांची रीघ लागली. पट्टा बदलायची वेळ झाली की मी सगळ्यांना उठवायची. ह्यांचे सख्खे भाऊ पुण्याहून आलेले, त्यांनाही. "बाहेर थांबा. आत हवा लागते," असं म्हणून कडी लावायची.

अशाच एका सकाळी मी पट्टा बांधत होते. अंगात ताप होता. डोळे मिटलेलेच ठेवून ह्यांनी विचारलं, "सिस्टर, दार लावलंत ना?"

खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी आहे हो, मी, असं ओरडून सांगावंसं वाटलं. जीव नुसता जळून गेला. पण ते पुन्हा विचारू लागले, हात पांघरुणावर चाचपडू लागला. मी तो हात धरला आणि म्हटलं, "लावलंय, मुकुंदराव."

"बरं झालं," ते म्हणाले आणि शांत झोपले.

लग्नातला तो उखाणा सोडला, तर त्यांच्यासमोर त्यांचं नाव मी आयुष्यात एकदाच घेतलं, आणि त्यांना वाटलं, सिस्टरनी घेतलं.